ऐन पाळीत मोटर हवा धरते तेव्हा

विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप (मोटर आणि पंप एकत्र असलेला) शेताला पाणी द्यायच्या ऐन पाळीत पाणी ओढणं सोडतो. मोटर फिरतेय, पाइपातून फसफस हवा, पाणी नाही. सगळ्यात आधी स्टार्टर बंद करा. कोरडा पंप फिरला की मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारं) काही मिनिटांत जळतं आणि मग कुठलाच जुगाड उपयोगाचा राहत नाही.

आता पंप वरपर्यंत पाण्याने भरून थांबा आणि पातळीवर नजर ठेवा. पाणी उतरतंय आणि सक्शन पाइप (विहिरीतून पाणी ओढणारा) बाहेरून कोरडा आहे, तर फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे त्या पाइपाच्या तळाच्या, पाणी परत न जाऊ देणाऱ्या झडपेत, काडीकचरा अडकलाय. पाइप दोन-चार वेळा जोरात हलवला की बहुतेक वेळा तो सुटतो. पाइपावर कुठे थेंब दिसला, तर चालू मोटरीत हवा तिथूनच आत जाते. थेंबही नाही आणि पातळीही टिकतेय, तर मोटर चालू करून जोडांवर साबणाचा फेस लावावा; जिथे फेस आत ओढला जाईल, तिथे चीर.

चिरेसाठी सायकलची जुनी ट्यूब. दीड इंच रुंद, तीन फूट लांब पट्टी कापा. पाइप घासून अगदी कोरडा करा. चिरेच्या तीन इंच आधीपासून सुरुवात करून, पट्टी दुप्पट ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत गुंडाळा आणि दोन्ही टोकं बाइंडिंग वायरने आवळा. सक्शनला हे चांगलं धरतं, कारण बाहेरची हवाच रबर चिरेत दाबते. डिलिव्हरीला, म्हणजे पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाला, उलटं होतं, आतलं पाणी रबर फुगवतं. तिथे इंचा-इंचावर वायर लागते. घाईत एम-सील लावू नये, ओल्या पाइपावर ते धरत नाही.

पाइप हलवूनही फूटव्हॉल्व्हमधला कचरा सुटला नाही, तर शेणकाला. बादलीभर पाण्यात दोन मुठी शेण कालवून, जाड काड्या काढून, तेच पाणी पंपात भरायचं. बारीक तंतू गळत्या फटीकडे ओढले जाऊन अडकतात, तेवढ्यात मोटर सुरू करायची. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आधी बंद, दाब आला की हळूहळू उघडायचा. पाळी संपेपर्यंत मोटर बंद करू नका, बंद केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ठिबकवाल्यांनी मात्र हा उपाय करू नये, फिल्टर आणि ड्रिपर दोन्ही तुंबतात.

इतकं करूनही पाणी येत नसेल तर विहिरीतली पातळी मोजा. पंपापासून पाणी साधारण सात मीटरपेक्षा खाली गेलं असेल तर दोष पाइपाचा नाही. पंपच खाली उतरवावा लागेल.