वर्दळ नसलेलं शिखर: चढण्यापेक्षा उतरणं अवघड

शहराच्या अगदी जवळ असूनही जिकडे कोणी फिरकत नाही, अशा शिखरावर जाताना मला धास्ती असते ती चढाची नाही, उतरताना वाट चुकण्याची. चढताना सगळ्या सोंडा, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत जाणाऱ्या डोंगराच्या धारा, माथ्याकडेच येऊन मिळतात. थोडं डावं-उजवं झालं तरी माणूस वर पोहोचतो. उतरताना उलट. माथ्यावर दहा पावलांच्या अंतरावर असलेल्या दोन सोंडा खाली दोन वेगळ्या दऱ्यांत जातात, आणि मळलेली वाट नसली की चूक बरीच उशिरा कळते.

म्हणून आदल्या दिवशी तासभर नकाशा. समोच्च रेषांचं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचं) वळणाचं टोक उताराकडे झुकलेलं असेल तर सोंड, माथ्याकडे वळलेलं असेल तर घळ, म्हणजे दोन सोंडांमधली खोलगट चीर. मी सोंडच धरतो. घळीत वरून सुटे दगड येतात, आणि बऱ्याचदा मध्येच धबधब्याचा कोरडा कातळ आडवा उभा राहतो. दोन रेषांमध्ये उंचीचा फरक २० मीटर असलेल्या नकाशात १५ मीटरचा कडा दिसणारच नाही असंही होतं, त्यामुळे उपग्रहचित्रही बघून ठेवतो. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यायचा आणि फोन विमान मोडवर. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. बॅटरी खाते ती रेंज शोधण्याची धडपड.

वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२चा हिशेब अजून कामाला येतो: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ४ किलोमीटर चाल आणि ६०० मीटर चढ म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास. पण हे चांगल्या वाटेचं गणित. गवत-झुडपांतून जायचं असेल तर मी दीडपट धरतो, म्हणजे पावणेतीन तास. सूर्यास्त साडेसहाला असेल, तर उतरायला दोन तास आणि वाट चुकलीच तर म्हणून एक तास राखून साडेतीनला मागे फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. गोलसर पाठीच्या डोंगरावर 'हाच माथा' असं दोनदा तरी वाटतं, आणि ही शिस्त तिथेच मोडते. पाणी चालीच्या दर तासाला अर्धा लिटर. उन्हाळ्यात त्याहून जास्त.

सगळ्यात जास्त घोळ पायथ्याशी होतो. तिथे ढोरवाटांचं जाळं असतं आणि त्या माणसांच्या वाटेपेक्षा ठसठशीत दिसतात. पण ढोरवाट डोंगराला आडवी जाते आणि चराईत विरून जाते. फांद्या सारख्या डोक्याला आणि खांद्याला लागू लागल्या, की ती वाट माणसांची नाही असं समजावं. अशा वेळी मी तिचा नाद सोडून सोंडेची धार गाठतो.

वाट फुटते तिथे मागे वळून पाहायचं आणि मागच्याच दिशेचा फोटो काढायचा. परतताना तोच देखावा समोर येणार असतो. संशयाच्या जागी तीन दगडांची लगोर लावतो आणि उतरताना मोडतो. दुसऱ्या कोणाला ती भलतीकडे नेऊ शकते.

माथ्यावरून निघताना पहिले २०० मीटर होकायंत्र हातात. घसाऱ्यावर पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले. सोबती एकमेकांच्या बरोबर खाली नकोत, कारण सुटलेला दगड सरळ खालच्यावर जातो. वाट चुकल्याची शंका आली तर खाली रेटायचं नाही. कंटाळा येतो, पण शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत पुन्हा चढायचं. अडकलोच तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. तीन शिट्ट्यांचं उत्तर आलं की कोणीतरी ऐकलंय.

निघण्याआधी घरच्या एकाला वाट, परतीची वेळ आणि 'अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर मदत बोलव' एवढं लिहून देतो. खाली आल्यावर बूट सोडायच्या आधी तो फोन.