हवामान केंद्र कंपनीच्या नावावर करताना

प्रकल्पाचा निधी संपत आला की गावातलं स्वयंचलित हवामान केंद्र शेतकरी उत्पादक कंपनीच्या हवाली केलं जातं. करारात खांब, कुंपण, सौर पॅनेल, सगळ्याची यादी असते. नोंदी कुठल्या सर्व्हरवर जातात, सिम कोणाच्या नावावर आहे, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, हे मात्र बरेचदा लिहिलेलंच नसतं. पुढे घोडं अडतं ते तिथेच.

आधी लॉगर, म्हणजे नोंदी साठवून सर्व्हरकडे पाठवणारं यंत्र, तपासा. त्यातला सर्व्हरचा पत्ता आपल्याला बदलता येतो का, हे सही करण्यापूर्वी समोर करून दाखवायला सांगा. पत्ता कुलूपबंद असेल तर सर्व्हरची वर्गणी थांबली की नोंदीही थांबणार. बदलता येत असेल आणि लॉगर दोन पत्ते घेत असेल, तर एक अख्खा पावसाळा नोंदी जुन्या-नव्या दोन्ही सर्व्हरवर पाठवून ताडून पाहा. सिम आणि सर्व्हरचं खातं कंपनीच्या नावावर घ्या, ईमेल पदाचा ठेवा, संचालक बदलतात. मोडेम (मोबाइल नेटवर्कला जोडणारा भाग) फक्त टूजी असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही.

जुन्या नोंदी आलेखाच्या रूपात घेऊ नका. कच्ची सीएसव्ही फाइल (आकड्यांच्या साध्या तक्त्याची) मागा, आणि वेळ कुठली धरली आहे ते लिहून घ्या. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा मोजतात. यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, ते होतात ३.००. सर्व्हरने यूटीसीच्या मध्यरात्रीपासून बेरीज केली तर दिवस पहाटे ५.३० लाच बदलतो. मग ५.३० ते ८.३० चा पाऊस, जो आधीच्या दिवसात धरायचा, तो पुढच्या दिवसात जातो आणि तालुक्याच्या आकड्याशी मेळ बसत नाही. बंद पडलेल्या काळात रकाना रिकामा राहतो की शून्य भरलं जातं, हेही पाहा. खोटं शून्य फार घातक: बंद यंत्र कागदावर कोरडा दिवस दाखवतं.

पर्जन्यमापकाची परीक्षा गावातच होते. नरसाळ्याचा व्यास २०० मिमी असेल तर १ मिमी पाऊस म्हणजे ३१.४ मिली पाणी. ६२८ मिली पाणी साधारण ४० मिनिटांत थेंबथेंब सोडा. २० मिमी नोंद यायला हवी, म्हणजे दर ०.२ मिमीला उलटणाऱ्या आतल्या छोट्या बकेटला १०० पलट्या. घाईने ओतलं तर बकेट उलटताना पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो. ही चाचणीची नोंद नंतर वगळायला विसरू नका, नाहीतर भर उन्हात २० मिमी पाऊस दिसेल. पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास बारीक नोंदी येत असतील तर नरसाळं तुंबलंय: पालापाचोळा, कोळ्याचं जाळं, पक्ष्यांची विष्ठा.

बॅटरी जुनी झाली की ढगाळ आठवड्यात ती रात्री मान टाकते आणि नेमक्या पहाटेच्या नोंदी जातात. द्राक्षात डाऊनी (केवडा) रोगाचा अंदाज पान किती वेळ ओलं राहिलं यावर ठरतो, आणि पानं ओली असतात ती पहाटेच. म्हणून बॅटरी, सिम, सर्व्हर आणि आर्द्रतेचा सेन्सर या चार गोष्टींची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवीच.

हस्तांतरणाच्या सभेत सभासदांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई योजनेने ठरवलेल्या संदर्भ केंद्राच्या आकड्यांवर मिळते. कंपनीचं केंद्र आपोआप त्याची जागा घेत नाही.