इंजिन गेलेली ओमनी आणि स्पीकरचा लोहचुंबक

आमचा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. गिरणीच्या, विहिरीवरच्या, कडबाकुट्टीच्या जळक्या मोटारी आणायच्या, तार भरून परत पोचवायच्या. पाच एचपीची मोटर काय बाइकवर मांडीत घेऊन जाता येत नाही (एकदा नेलीय, परत नाव काढणार नाही), त्यामुळं प्रत्येक खेपेला टेम्पोवाल्याच्या हातात चारशे-पाचशे टेकवायचे, ते पण त्याची मर्जी असली तर. म्हणून वर्षभर डोक्यात एकच, कुठनं तरी जुनी व्हॅन मिळाली पाहिजे.

मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईकच सांगत आलं, ओमनी आहे, २०११ ची, पंचेचाळीस हजार. आता आमच्याकडं कोल्हापुरात बरी चालू गाडी लाख-सव्वा लाख सांगतात मग ही एवढी स्वस्त का, तर म्हणे "इंजिनचं जरा काम आहे."

जरा!

बघाय गेलो. ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखालीच, सीट उचलली की समोर. ऑइलचं झाकण काढलं तर आतनं दूध जास्त पडलेल्या चहासारखा फेस, म्हणजे ऑइलात पाणी गेलेलं. मालक म्हणतो फक्त हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) गेलंय. असेलही, पण पाणी संपल्यावर गाडी किती लांब तशीच हाणली हे कोण सांगणार? या ७९६ सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भाग, बिडाचा आणि वरचं झाकण म्हणजे हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तापलं की आधी हेड वाकतं. वाकलेलं हेड फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, वापरता येतं, चीर गेली असेल तर मग अवघड.

उद्यमनगरात ओळखीचे एक फिटर मामा आहेत, त्यांना विचारलं. पहिलं मी म्हटलं, मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातनं तयार इंजिनच आणून बसवूया की, एका दिवसात काम. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आणशील रे, पण नंबर कुणाचा येईल?" इंजिनचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. दुसरा ब्लॉक आला की आरटीओत जाऊन नंबर बदलून घ्यायचा, त्याला इंजिनचं बिल पाहिजे, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलिसांना उत्तरं मी देत बसायचं. त्यापेक्षा आहे तोच ब्लॉक बोअर करून पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह नवीन टाकायचे, नंबर तोच राहतो. ओमनी २०१९ ला बंद झाली तरी स्पेअरला मरण नाही. मामांचा अंदाज तीस हजार, "उघडल्यावर बघू" हे शेपूट धरून.

रात्री वहीवर मांडलं. गाडी पंचेचाळीस, इंजिन तीस, चार टायर, बॅटरी, नावावर करायचा खर्च, इन्शुरन्स संपलेला. वर पंधरा वर्षं भरतच आलीत म्हणजे रिपासिंग (आरटीओत परत नोंदणी), त्याची नुसती फीच २०२२ पासून पाच हजार झालीय, ग्रीन टॅक्स वेगळा. लाखाला टेकलं की! बायको बघून म्हणाली, मग चालूच घ्या की. पण मला वाटत होतं मालक तीसवर येईल, आणि इंजिन नवीन केलेलं म्हणजे आतलं सगळं माझ्या डोळ्यासमोर झालेलं, चालू गाडीत काय भरलंय ते कुणाला माहीत. थोडक्यात मी घेणारच होतो.

पण मी गिऱ्हाईकाला रोज काय सांगतो? वाइंडिंग जळालं तर जळू दे, ते भरता येतं, आधी बॉडी आणि शाफ्ट बघा. मग इथं मी नुसतं इंजिनच का बघत बसलोय?

परत गेलो, खिशात फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक आणि एक स्क्रू ड्रायव्हर. चुंबक दारावर टपकन चिकटला, छान. सरकत्या दाराच्या खाली पट्टीवर ठेवला तर घसरून खाली पडला. परत ठेवला, परत पडला. वरनं पेंट चकाचक, आत पत्र्याच्या जागी सगळी पुट्टी. मग मागचं मॅटिंग उचललं, चाकाच्या वर पत्रा पापडासारखा झालेला, स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा दाबला तर सरळ आरपार, खालची माती दिसली. मालक म्हणाला, "तिथं काय वजन येत नाही हो." अहो, मी तिथंच मोटारी ठेवणार आहे!

पत्रा कापून नवीन वेल्डिंग करून देणारे आहेत, पण एवढं गंजलं म्हणजे खाली बॉडीचा भार घेणाऱ्या चॅनलपर्यंत गेलेलं असणार, आणि त्याचा अंदाज मामा पण देईनात. नको म्हणून आलो.

काल संध्याकाळपासून मालकाचे तीन मिस्ड कॉल, मेसेजमध्ये "२५ ला घ्या". मी उचलला नाही, कारण उचलला तर घेऊन बसेन. गुरुवारी दोन मोटारी पोचवायच्यात, टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय, साडेपाचशे म्हणतोय.