केमोआधीचे तीन आठवडे

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी स्तनात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि केमो सुरू व्हायला जेमतेम तीन आठवडे उरले, तरी मूल होण्याचा विषय कोणीच काढला नव्हता. शेवटी तो मीच काढला, तोही तपासणी संपवून उठता उठता. ‘आधी जीव वाचू दे, मग पाहू,’ असे उत्तर मिळाले. ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, कारण मला मिळणाऱ्या औषधांत सायक्लोफॉस्फामाइड होते, आणि ते अंडाशयातील वाढत्या बीजपुटकांबरोबर (बीज ज्यात वाढते त्या इवल्या पिशव्या) निद्रिस्त राखीव साठाही घटवते. हा साठा जन्मतःच मिळतो. नंतर त्यात भर पडत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी वंध्यत्वतज्ज्ञ डॉक्टरांना भेटले. त्यांनी लगेच एएमएच या संप्रेरकाच्या चाचणीसाठी रक्त घ्यायला सांगितले. एफएसएच हे बीजपुटकांना वाढीची चालना देणारे संप्रेरक पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहावे लागते, एएमएच मात्र लहान बीजपुटकांतील पेशी तयार करतात आणि महिनाभरात ते फारसे वरखाली होत नाही, त्यामुळे मला पाळीची वाट पाहावी लागली नाही. अहवालात २.३ नॅनोग्रॅम प्रति मिली असा आकडा आला. ‘बीजांचा साठा साधारण किती आहे, एवढेच यावरून कळते, ती कशी आहेत हे नाही,’ असे बाईंनी बजावले.

केमोआधी बीजे काढून गोठवायचे ठरले. पूर्वी त्यासाठी पाळी येईपर्यंत थांबत असत. आता बीजे वाढवणारी इंजेक्शने कोणत्याही दिवशी सुरू करता येतात. माझी अकरा दिवस चालली, आणि इस्ट्रोजेन फार चढू नये म्हणून सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या होत्या. बारा बीजे निघाली, त्यांतील नऊ परिपक्व होती. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवली गेली. एवढीही सवड नसती, तर अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याचा मार्ग होता.

पहिल्या केमोच्या आठवडाभर आधी अंडाशयांचे काम तात्पुरते थांबवणारे गोसेरेलिन दिले. हे नेहमीसारखे पातळ औषध नव्हे. जाड सुईतून ३.६ मिलिग्रॅमची तांदळाच्या दाण्याएवढी कांडी पोटाच्या कातडीखाली सोडतात, आणि दर चार आठवड्यांनी पुन्हा. अंडाशय कायमचे बंद पडण्याची शक्यता त्याने घटते, पण बीजे गोठवण्याला तो पर्याय नाही, हे मला दोनदा विचारल्यावर पटले.

तिसऱ्या केमोनंतर मी कोणाला न विचारता एएमएच करून घेतले. ‘०.०१ पेक्षा कमी’ ही अक्षरे मी प्रयोगशाळेच्या जिन्यातच वाचली आणि तिथेच बसले. नंतर डॉक्टर थोड्या रागावूनच म्हणाल्या की, केमो चालू असताना वाढती बीजपुटके आधी मरतात आणि एएमएच तीच बनवतात, तेव्हा आकडा कोसळणारच; निद्रिस्त बीजपुटके या चाचणीत दिसत नाहीत, आणि त्यांतील काही पुन्हा वाढीस लागायला अनेक महिने जातात. हे आधी माहीत असते, तर ती चाचणी मी केलीच नसती.

केमो संपल्यावर सातव्या महिन्यात पाळी आली आणि सगळे पूर्ववत झाले असे मी धरून चालले. वर्षाने केलेल्या तपासणीत एएमएच ०.६ म्हणजे कमी आणि एफएसएच १३ म्हणजे चढलेले आले. पाळी आली म्हणून साठाही शाबूत राहिला, असे नसते; साठा खर्ची पडून रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येऊ शकते. तरीही एएमएच कमी आहे म्हणून आपोआप गर्भ राहणारच नाही, असाही त्याचा अर्थ होत नाही, त्यामुळे संततिनियमनाची काळजी मला घ्यावी लागतेच.

गाठ परत येण्याचा धोका सुरुवातीच्या काळात अधिक असल्याने मला दोन वर्षे थांबायला सांगितले होते. ती मुदत येत्या महिन्यात संपते. त्यानंतर सहा महिने आम्ही स्वतः प्रयत्न करू, आणि मग लागलीच तर ती नऊ बीजे आहेत.