इगा आणि कोगा : हाडवैर कथेतले, शेजार इतिहासातला

टीव्हीवर 'निंजा हातोरी' पाहत वाढलेली आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतली मुले खेळताना हातोरी होण्यासाठी भांडतात आणि अमाराची भूमिका मात्र कुणाच्या तरी गळ्यात मारतात. मूळ जपानी कथेत हातोरी इगा गटाचा आणि त्याचा प्रतिस्पर्धी, म्हणजे हा अमारा, कोगा गटाचा आहे. मोठ्यांसाठी लिहिलेल्या निंजाकथांमध्येही या दोन गटांचे पिढीजात हाडवैर रक्तपातासह रंगवलेले असते. इतिहासात मात्र ते फारसे सापडत नाही, आणि जे सापडते ते मला अधिक रंजक वाटते.

इगा आजच्या मिए प्रांतात आणि कोगा शिगा प्रांतात येते. मधे डोंगर आहेत. कुणा बड्या सरदाराची घट्ट पकड नसल्यामुळे दोन्हीकडचे लहान जमीनदार एकत्र येऊन आपापला कारभार पाहत. इगातल्या अशा संघाचा सोळाव्या शतकातला एक करारनामा उपलब्ध आहे. परकी फौज मुलखात शिरली की गावोगावी घंटा वाजवाव्यात, 17 ते 50 वर्षांच्या पुरुषांनी मोर्चावर हजर व्हावे, अशी कलमे त्यात आहेतच. शिवाय कोगाचे साहाय्य महत्त्वाचे असल्याने दोन्ही मुलखांच्या सीमेवर उघड्या माळावर लवकरच संयुक्त बैठक घ्यावी, असेही त्यात नमूद केले आहे. हाडवैऱ्यांशी कुणी बैठका ठरवत नाही.

फूट पडली ती धन्यांमुळे. 1579 मध्ये, जपान आपल्या अमलाखाली आणू पाहणारा बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याच्या मुलाने वडिलांना न विचारता इगावर स्वारी केली आणि सपाटून मार खाल्ला. 1581 मध्ये स्वतः नोबुनागाने प्रचंड सैन्यानिशी इगा बेचिराख केले, तेव्हा कोगा आधीच त्याच्या अमलाखाली गेलेले असल्याने तिकडूनही फौजा इगात उतरल्या. पुढच्याच वर्षी नोबुनागा मारला गेला आणि जीव वाचवत घरी निघालेल्या, पुढे जपानचा सत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासूला या डोंगरांतून सुखरूप पार करण्यात दोन्हीकडच्या माणसांनी हातभार लावला.

या निंजांचे खरे काम लढण्याचे नसून बातमी घेऊन जिवंत परतण्याचे होते. बहिर्जी नाईकांच्या कथा ऐकलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. 1638 मध्ये शिमाबाराच्या, म्हणजे मुख्यतः ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या, बंडात बंडखोरांच्या ताब्यातील हारा किल्ल्याचा भेद काढायला कोगाची माणसे पाठवली गेली. आत शिरताना त्यांतला एक जण अंधारात खड्ड्यात पडला, परतताना दगडांचा मार बसला आणि स्थानिक बोली कळत नसल्यामुळे बंडखोरांमध्ये मिसळून जाणेही जमेना. तरी येताना त्यांनी क्रूसाचे निशाण काढून आणले. असा धडपडणारा निंजा कथाकारांना परवडत नसावा.

1676 साली इगात संकलित झालेल्या 'बानसेनशुकाई' या ग्रंथातही इगा आणि कोगा या दोन्हींकडची विद्या एकत्रच दिली आहे. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यात तर इगाची आणि कोगाची तुकडी एकाच चौकीवर पाळीपाळीने पहारा देत असे; 'शंभर जणांची चौकी' या नावाची ती लांबलचक इमारत तोक्योच्या राजवाड्याच्या पूर्व उद्यानात आजही पाहता येते.