सात नवे छत्तीस

तिसरीतल्या एका पोराचा आणि सातच्या पाढ्याचा छत्तीसचा आकडा आहे, असं मी दिवाळीपर्यंत धरून चालले होते. तोंडी म्हणायला सांगा, ‘सात एके सात’पासून ‘सात दाहे सत्तर’पर्यंत गडी सुसाट. लेखीत मात्र दहापैकी दोन. नुसती पोपटपंची, असा निकाल मी मनातल्या मनात देऊनही टाकला होता.

त्याच्या बापाची अंडाभुर्जीची गाडी. म्हटलं, “घरून अंड्यांचे रिकामे ट्रे आण.” दुसऱ्या दिवशी चार घेऊन हजर, एकाला सुकलेला बलक चिकटलेला. एका ट्रेत पाच सक तीस खळगे. चारही सुतळीनं शिवले, की दहा बाय बाराची चटई तयार. तिच्यात चिंचोके ठेवायचे.

त्यानं सात ओळी भरल्या, ओळीत नऊ-नऊ. पाच ओळींखाली मी लाल लोकर आडवी टाकली. जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “वर पंचेचाळीस, खाली अठरा. त्रेसष्टच की, बाई!”

पोपट असं बोलत नाही. मी चिंचोके उचलून दहा-दहाचे द्रोण भरायला लावले. सहा द्रोण, तीन सुटे.

“आता पाटीवर लिही.”

त्यानं 36 लिहिलं.

ओरडणारच होते, पण या वेळी माझं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. ओठ ‘त्रे’ म्हणाले तेव्हा 3 उमटला, ‘सष्ट’ला शेजारी 6. कानावर पडेल तसं तो लिहीत होता! जुनी वही काढली. चौदाचे 41, पस्तीसचे 53, बेचाळीसचे 24, छप्पन्नचे 65. सगळ्यांवर माझ्याच लाल फुल्या. उलटायला जागा नव्हती म्हणून 7 आणि 70 तेवढे वाचले होते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘साठ तीन’ असं आलं, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते. असो.

मग पाटीवर दोन चौकटी आखल्या, डावीकडे द्रोण, उजवीकडे सुटे. आधी द्रोण मोजून लिहायचे, संख्येचं नाव नंतर घ्यायचं. पंधरा दिवस हेच. हळूहळू चिंचोके सुटले, मग चौकटीही.

वहीत एक जागा मात्र कोरी होती, सात साती. “हे का सोडलंस?”

“एकोणपन्नासमध्ये कुठला आकडा आधी ऐकू येतो, बाई?”

मी सांगितलं, एकोण म्हणजे एक उणा, पन्नासला एक कमी. त्यानं मान डोलावली, 49 बरोबर लिहिलं आणि विचारलं, “मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?”

मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणून सुटले.