सात वर्षांची रजा परत मिळाली

जुलैतली गोष्ट. फोर्टमधल्या आमच्या ऑफिसची रेकॉर्ड रूम तळमजल्यावर आहे, पावसाळ्यात तिची भिंत पाझरते. खालच्या फळीवरचे गठ्ठे वर चढवायला साहेबांनी सांगितलं. मी शिडीवर चढले आणि शिडी घसरली. उजव्या घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन, प्लेट, प्लास्टर. कामावर परतायला ७० दिवस लागले.

अंथरुणात असतानाच आस्थापना शाखेतून, म्हणजे आमच्या रजा-पगाराच्या फायली बघणाऱ्या शाखेतून, फोन आला. "मॅडम, मेडिकल टाका, परिवर्तित करून देतो. पगार पूर्ण निघेल." मी सही करून अर्ज पाठवला. कळाच इतक्या होत्या की दुसरं काही सुचत नव्हतं.

परिवर्तित रजा म्हणजे अर्ध्या पगाराच्या दोन दिवसांच्या बदल्यात पूर्ण पगाराचा एक दिवस. ती घेतली की अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. माझे १४० गेले. ही रजा वर्षाला २० दिवस मिळते. म्हणजे सरकारी काम करताना पडले आणि सात वर्षांची शिल्लक माझ्याच खात्यातून गेली.

नणंदेचे यजमान भेटायला आले, तेव्हा हे बोलणं निघालं. त्यांची सगळी नोकरी आस्थापनेत गेलेली. म्हणाले, "वहिनी, तुम्ही आजारी पडला नव्हतात. यासाठी विशेष विकलांगता रजा असते." मला वाटायचं, ती कायमचं अपंगत्व आलेल्यांसाठी. नावामुळेच कितीजण तिच्या वाटेला जात नसतील! महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये ती आहे. कर्तव्यामुळे कोणी मुद्दाम इजा केली तर नियम ७५, अपघात झाला तर ७६. जास्तीत जास्त २४ महिने. पहिले १२० दिवस अर्जित रजेइतकं, म्हणजे पूर्ण वेतन, पुढे अर्धवेतन. रजेच्या खात्यातून एकही दिवस जात नाही.

मी नव्याने अर्ज दिला, आणि खरी अडचण पुढेच होती. अपघात झाल्याचा कागदच ऑफिसात नव्हता. त्या दिवशी सगळे मला टॅक्सीत घालायच्या धावपळीत, अहवाल कोण लिहिणार? हॉस्पिटलच्या केसपेपरवर नुसतं "पडून इजा". कुठे, कशी, काही नाही. फाइल दोनदा त्रुटी लागून परत आली.

शेवटी शिडी धरून उभ्या असलेल्या शिपाईदादांनी आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने लेखी जबाब दिले. हजेरीपटाची प्रत जोडली. गठ्ठे हलवायला आपणच सांगितलं होतं, हे साहेबांनी टिप्पणीत स्पष्ट लिहिलं. तसं लिहायला ते कचरले असते तर माझं प्रकरण तिथेच संपलं असतं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी इजा कशाने झाली आणि किती दिवस काम करता येणार नव्हतं, हे दाखल्यात घातलं.

म्हणून कळकळीने सांगते, कामावर असताना लागलं तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून आवक नोंदवहीत चढवायला लावा. आपल्याला उठता येत नसेल तर सहकाऱ्याने लिहावं. केसपेपर काढतानाही "ऑफिसात, काम करताना" एवढे शब्द घालून घ्या.

पाच महिन्यांनी आदेश निघाला. आधीचा रजेचा आदेश रद्द होऊन सेवापुस्तकात दुरुस्ती झाली. ती नोंद मी स्वतः जाऊन वाचली. १४० दिवस परत जमा.

शिपाईदादा कंत्राटी आहेत. शिडीने त्यांचाही हात सोलला होता, पण तिसऱ्या दिवशी ते कामावर हजर होते. त्यांना ही रजा नाही. कंत्राटदाराने त्यांचा राज्य कामगार विमा भरला आहे का, हे आता मी विचारून घेतेय. विमा असेल तर कामावरच्या दुखापतीत मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते.